घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहान मूलही जाणते. घर बांधताना माणसाच्या अकलेची, पैशाची आणि धीराची कशी परीक्षा होते, हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक. परंतु ज्यांनी ही म्हण केली त्यांच्या ध्यानीमनीही नसेल, अशी एक परीक्षा आज कोकणातल्या पुष्कळ कुटुंबांच्या वाट्यास आली आहे. ती म्हणजे वाडवडिलांनी बांधलेले घर विकण्याची. मुले मुंबईस, पुण्यास, किंवा त्याहूनही दूर गेली. घरात एखादे म्हातारे माणूस उरले, किंवा तेही उरले नाही. मग केव्हातरी घर विकायचे ठरते आणि ते ठरताच दुसरा प्रश्न उभा राहतो. घर आहे तसे विकावे, की आधी डागडुजी आणि रंगसफेदी करून मग विकावे?

एक भाऊ म्हणतो, ‘पडक्या घराला कोण किंमत देणार? दोन पैसे खर्च करू, चार पैसे मिळतील.’ दुसरा म्हणतो, ‘घेणारा उद्या पाडणार आहे. त्याच्यासाठी आपण खर्च का करावा?’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न ‘दुरुस्ती करावी की न करावी’ असा एकगठ्ठा विचारणे हीच चूक आहे. घराची दुरुस्ती ही एक वस्तू नव्हे. छपराची दुरुस्ती निराळी, भिंतीची निराळी, फरशीची निराळी आणि कागदपत्रांची तर सर्वांहून निराळी. प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र मांडला, तर बहुतेक वाद आपोआप विरघळतात.

हिशेबाची पहिली ओळ गिऱ्हाइकाची आहे. आपले घर कोण घेणार? रत्नागिरीसारख्या शहरात आणि आसपासच्या गावांत ढोबळमानाने चार प्रकारचे घेणारे आढळतात. पहिला, राहण्यासाठी घेणारा. त्याला पावसाळ्यापूर्वी बिऱ्हाड हलवायचे असते. दुसरा, जागेसाठी घेणारा. तो घर पाडून तेथे सदनिकांची इमारत उठवणार. तिसरा, जुन्या घराच्या जुनेपणासाठीच घेणारा. त्याला चिऱ्याच्या भिंती, कौले, ओटी, झोपाळा हे सारे हवे असते, मग ते सुट्टीत राहण्यासाठी असो वा पाहुण्यांची सोय करून उत्पन्न मिळवण्यासाठी असो. आणि चौथा, शेजारी किंवा भाऊबंद. त्याला घराची खोडी आपल्यापेक्षाही अधिक ठाऊक असतात.

आता पाहा, एकच खर्च या चौघांच्या दृष्टीने कसा बदलतो. ओटीवर चकचकीत फरशी घातली, तर पहिल्यास ती बरी वाटेल, दुसऱ्यास तिचे मोल शून्य, तिसऱ्यास तर ती उपद्रवच वाटेल, कारण त्याला ती उखडून पुन्हा जुन्यासारखी जमीन करावी लागणार. चौथा मनातल्या मनात हसेल. तेव्हा घेणारा कोणत्या जातीचा असेल याचा अंदाज न बांधता गवंड्याला बोलावणे म्हणजे पाहुणा कोण आहे हे न विचारता स्वयंपाकाला लागण्यासारखे आहे. ज्या आळीत गेल्या चारपाच वर्षांत तीन घरे पाडून इमारती झाल्या, त्या आळीत चौथ्या घराचा घेणाराही बहुधा दुसऱ्या प्रकारचाच असणार. तेथे दुरुस्तीवर घातलेला रुपया परत येण्याची आशा धरू नये.

हिशेबाची दुसरी ओळ पावसाची आहे, आणि ती कोकणाबाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. आपली जुनी घरे या पावसाशी झगडण्यासाठीच बांधलेली आहेत. उतरते छप्पर, पुढे आलेली पडवी, उंच जोते, पावसाच्या अंगाला बांधायच्या झावळ्यांच्या झडी, या साऱ्यांचा हेतू एकच, की पाणी भिंतीला लागू नये. चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या इंग्रज सरकारच्या अभ्यासकाने मलबारात हा दगड पाहून त्यास ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. हा दगड टिकाऊ खरा, पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. शिवाय जुन्या भिंतींत चिऱ्यांच्या सांध्यांना पुष्कळदा नुसती माती किंवा चुना असतो. डोक्यावर छप्पर धड असेपर्यंत अशी भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते; छप्पर गेले, की सांधे धुऊन निघतात.

म्हणून आमच्याकडे दर वर्षी चैत्र-वैशाखात शाकारणीची चाल होती. पूर्वीची कुंभाराची नळीची कौले वाऱ्याने, मांजरांनी, वानरांनी सरकत. ती उतरवून पुन्हा नीट बसवावी लागत. पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्या नमुन्याची खाचेची कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यामुळे शाकारणीचे काम हलके झाले. पण संपले नाही. एक कौल फुटले, की त्याखालची रीप भिजते, मग वासा भिजतो. ओल्या लाकडाला वाळवी शोधत येते. वासा खचला, की शेजारची दहा कौले सरकतात. हा क्रम राहत्या घरात पहिल्याच गळतीला थांबतो, कारण कोणीतरी खाली भांडे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वर चढून कौल बदलतो. बंद घरात तो थांबवणारा कोणी नसतो. दोन पावसाळ्यांत जे काम हजारांत झाले असते ते लाखांत जाते, आणि पाचव्या पावसाळ्यानंतर दुरुस्तीचा विषयच उरत नाही.

येथेच दुरुस्तीतला पहिला भेद स्पष्ट होतो. एक दुरुस्ती नुकसान थांबवण्यासाठी असते, दुसरी शोभा वाढवण्यासाठी. विक्री उद्या होणार अशा भरवशावर लोक पहिली दुरुस्ती टाळतात. परंतु घराची विक्री कधीच उद्या होत नाही. वारसांच्या सह्या, मोजणी, घेणाऱ्याचे कर्ज, मध्येच मोडलेला सौदा, यांत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. तेवढ्या काळात घराने दोन पावसाळे काढायचे आहेत. म्हणून फुटकी कौले बदलणे, सरकलेली बसवणे, पन्हळी साफ करणे, भिंतीलगतची झाडे तोडणे, जोत्यापासून पाणी दूर नेणारे गटार मोकळे करणे ही कामे विकायचे असो वा नसो, मिरगापूर्वी करावीत. ती किंमत वाढवण्यासाठी नव्हेत, आहे ती किंमत राखण्यासाठी आहेत. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातली कितीतरी छपरे उडवली आणि पुढल्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. ढिले छप्पर अशा वाऱ्याला पहिले बळी पडते.

शोभेच्या दुरुस्तीचा हिशेब मात्र कागदावरच व्हावा. एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. समजा, राहण्यासाठी घर पाहणारे गिऱ्हाईक आहे. घर आहे त्या स्थितीत त्याला ४० लाख मिळतात. छप्पर धड असते तर ४५ लाख मिळाले असते. छपराच्या कामाचा खरा खर्च ३ लाख. म्हणजे खर्च ३ आणि वाढ ५; काम करून विकले तर हाती ४२ लाख राहतात. आता त्याच घरात नवी फरशी घालायची म्हटली, तर खर्च ४ लाख आणि वाढ जेमतेम दीड. अडीच लाखांचे नुकसान. छपराने फायदा आणि फरशीने तोटा, असे का व्हावे?

याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. फरशी जुनी आहे हे घेणाऱ्याला दिसते आणि बदलण्याचा खर्चही तो अदमासाने जाणतो. शिवाय रंग आणि जात आपल्या आवडीचीच हवी असते. छपराचे तसे नाही. वर किती वासे कुजले, वाळवी कोठवर गेली, हे त्याला कळत नाही. आणि जे कळत नाही त्याची भीती नेहमी खऱ्या खर्चाहून मोठी असते. तीन लाखांच्या कामासाठी तो पाच लाख कापतो, ते या भीतीपोटी. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच तत्त्व मांडले. विकणाऱ्याला मालाची खोड ठाऊक आणि घेणाऱ्याला ती दिसत नाही, अशा बाजारात घेणारा सर्वच मालाला वाईट समजून भाव पाडतो आणि चांगला माल बाजारातून मागे सरतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या आठवडी बाजारात बैलाचे दात पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व शिकवावे लागत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

पण यातून एक तिसरा मार्ग निघतो आणि तो आम्हांस पुष्कळांना सांगावासा वाटतो. भीती जर अज्ञानाची असेल, तर ती घालवायला दुरुस्तीच हवी असे नाही, माहितीही पुरते. दोन जाणत्या मिस्त्रींना छपरावर चढवावे, कुजलेले वासे मोजून घ्यावेत, त्यांच्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि ते घेणाऱ्याच्या हाती ठेवावे. वाटल्यास त्याने आपला मिस्त्री आणावा. मग तो पाच लाख कापणार नाही. तीन कापील आणि दगदगीचे म्हणून फार तर अर्धा लाख. आपल्या उदाहरणात हाती साडेएकेचाळीस लाख येतात. म्हणजे दुरुस्ती करून विकण्यात आणि अंदाजपत्रक दाखवून विकण्यात फरक उरला अर्ध्या लाखाचा. जो गावातच राहतो, रोज कामावर उभा राहू शकतो आणि ज्याच्या हाती रोकड आहे, त्याने ते अर्धे लाख जरूर मिळवावेत. जो मुंबईहून शनिवार-रविवार येऊन काम पाहणार, उसने पैसे काढणार, आणि अर्धवट उघडे छप्पर घेऊन जूनमध्ये सापडणार, त्याने त्या अर्ध्या लाखाच्या नादी लागू नये.

आता दुरुस्तीतला दुसरा भेद पाहू. तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण तेथे केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही. दोष दूर करणारी दुरुस्ती निराळी आणि दोष झाकणारी निराळी. ओल आलेल्या भिंतीवर रंगाचे दोन हात मारले, वाळवी लागलेल्या खांबाला फळ्यांनी मढवले, भेगेत लांबी भरली, की घर महिनाभर नवे दिसते. जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा चढवला, तर आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होऊन ती आतच मुरते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फुगे येतात. ही दुरुस्ती नव्हे, हे सोंग आहे.

या सोंगाकडे कायदा कसा पाहतो? लोकांची समजूत अशी, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, विकणाऱ्याची जबाबदारी नाही. ती अर्धीच खरी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते, की उलट करार नसेल तर विकणाऱ्याने मालमत्तेतला आणि तिच्यावरील आपल्या हक्कातला असा प्रत्येक महत्त्वाचा दोष घेणाऱ्यास उघड केला पाहिजे, जो स्वतः विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि सामान्य काळजी घेऊनही घेणाऱ्यास सापडला नसता. असा दोष न सांगणे हे कपट होय, असेही तेच कलम म्हणते. या शब्दांचा नीट विचार करावा. भिंतीवर पसरलेला ओलीचा डाग कोणालाही दिसतो. तो दाखवण्याचे बंधन कायदा विकणाऱ्यावर घालत नाही. पण तोच डाग रंगाखाली झाकला, की दिसणारा दोष दडलेला दोष बनतो. ज्या गोष्टीबद्दल आपण गप्प राहिलो असतो तरी चालले असते, तिच्याबद्दल बोलण्याची जबाबदारी आपणच पैसे खर्चून अंगावर घेतली! झाकणाऱ्या दुरुस्तीइतका आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही.

चिपळूणचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. पाणी कोठवर चढले होते याच्या खुणा घराघरांच्या भिंतींवर उमटल्या. घर स्वच्छ करायला भिंत रंगवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. पण असे घर परगावच्या माणसास विकताना पाणी कोठवर आले होते हे तोंडाने सांगणे आणि करारात लिहिणे हे विकणाऱ्याच्याच हिताचे आहे. जो समजून घेतो तो उद्या न्यायालयात जात नाही. भेगांचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने आपल्या जिल्ह्यालाही हादरे दिले. पुष्कळ जुन्या घरांत भेगा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वर्षानुवर्षे जिथल्या तिथे आहेत. भेग जुनी की चालती, हे ओळखण्याची साधी रीत म्हणजे तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून ठेवणे. भेग वाढत असेल तर काच तडकते. एक पावसाळा काच शाबूत राहिली, तर ती तशीच घेणाऱ्याला दाखवावी. भेग बुजवण्यापेक्षा हा पुरावा अधिक विश्वास देईल.

येथवर चुना-मातीच्या दुरुस्तीचे झाले. परंतु ज्या दुरुस्तीने किंमत सर्वांत अधिक वाढते तिला गवंडी लागत नाही. तिला तलाठी, भूमी अभिलेख कार्यालय आणि वकील लागतो. आमच्याकडे घरे गळतात त्याहून अधिक कागद गळतात. मिळकतपत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव, घरपट्टी आजोबांच्या नावे, विजेचे बिल तिसऱ्याच काकांच्या नावे, आणि हद्दीच्या गडग्याबद्दल शेजाऱ्याची जुनी तक्रार. अशा घराला सोन्याची कौले घातली तरी शहाणा माणूस बयाणा देणार नाही आणि कोणतीही बँक त्यावर कर्ज देणार नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते आणि त्या दस्तावर सर्व हक्कदारांच्या सह्या लागतात. वारसनोंद, फेरफार, सरकारी मोजणी, हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र ही कामे आधी करावीत.

त्यातही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बहिणींच्या सह्यांचा प्रश्न अजून पुष्कळ घरांत ‘त्यांना काय विचारायचे?’ म्हणून उडवला जातो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या सुधारणेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. आणि वडील त्या सुधारणेपूर्वी वारले असले तरी हा हक्क बाधित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात दिला. बहिणीने आपणहून हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण तिला न विचारता केलेली विक्री ही त्या घराची सर्वांत मोठी भेग होय. आणि दुरुस्तीचा खर्च करायचा झाला तर तोही सर्व हक्कदारांना विचारून करावा. कोणी किती घातले आणि विक्रीच्या पैशातून ते आधी वजा करायचे की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहावे. एका भावाने उत्साहाने छप्पर घातले आणि वाटणीच्या वेळी बाकीचे म्हणाले, ‘आम्ही कोठे सांगितले होते?’ यातून तुटलेली भावंडे गावोगाव आहेत.

जागेच्या जातीचेही दोन नियम ध्यानात ठेवावेत. घर गावठाणाबाहेर शेतजमिनीत असेल, तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला ती जमीन परवानगीवाचून घेता येत नाही. म्हणजे गिऱ्हाइकांचे वर्तुळच लहान होते. रंगकामाने ते वाढत नाही. दुसरे, समुद्रालगतच्या घरांचे. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली आणि पुढे २०११ व २०१९ साली ती नव्याने आली. जेथे नव्या बांधकामास मनाई आहे अशा पट्ट्यातही पूर्वीच्या अधिकृत घराची दुरुस्ती आहे त्या जोत्याच्या मर्यादेत करण्यास या नियमांनी वाव ठेवला. तेव्हा किनाऱ्यावरचे जुने घर ‘पडकेच आहे, जागा मोकळी करून विकू’ म्हणून घाईने पाडणे हा मोठा अविचार ठरेल. तेथे घराचे जोते आणि ते अधिकृत असल्याचे जुने कागद हीच त्या जागेची किंमत असू शकते.

प्राप्तिकराचाही विचार करावा. विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर कर बसतो आणि त्या नफ्यातून घरात केलेल्या भांडवली सुधारणेचा खर्च वजा होतो. नवी खोली किंवा नवा मजला अशा सुधारणेत मोडतो. नेहमीची डागडुजी व रंगसफेदी मात्र वजा होत नाही. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. २०२४ च्या वित्त कायद्याने दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर आणला. ज्यांनी घर २३ जुलै २०२४ पूर्वी मिळवले अशा येथील रहिवाशांना महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के दराने येणारा कर कमी भरत असेल, तर तितकाच भरण्याची मुभा ठेवली. आकडा आपापल्या सल्लागाराकडून काढून घ्यावा. आम्ही इतकेच सांगतो, की ज्या कामाची पावती नाही ते काम कराच्या दृष्टीने झालेलेच नाही.

सौदा ठरताना आणखी एक बारीक गोष्ट. घर विकले, की त्याबरोबर कुलुपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या उपयोगासाठी बसवलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात, असे त्याच १८८२ च्या अधिनियमाचे ८ वे कलम सांगते. ओटीवरचा सागवानी झोपाळा, देवघराची नक्षीची चौकट, माजघरातले भिंतीत बसवलेले कपाट यांतले काही ठेवून घ्यायचे असेल, तर करारात नाव घेऊन लिहावे. घेणारा घर पाडणार असेल, तर लाकूडफाटा आणि कौले कोणाची हेही लिहावे. जुन्या सागाच्या तुळयांना आजही चांगले गिऱ्हाईक आहे. दुरुस्तीत घालायचे पैसे वाचवून घराच्या लाकडाचे पैसे पदरात पाडून घेणे हाही अशा वेळी व्यवहार आहे.

इतका हिशेब मांडल्यावर एक बाब हिशेबाबाहेरची उरते. पुष्कळदा लोक विक्रीपूर्वी घराला रंग देतात तो किमतीसाठी नव्हे, लाजेसाठी. ज्या ओटीवर आजोबांनी माणसे जेवू घातली तिथली पोपडे आलेली भिंत परक्याने पाहावी, हे त्यांना सोसत नाही. आम्ही या भावनेला हसत नाही. मालगुंडला केशवसुतांचे घर किंवा टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान समाजाने जपले, ते जपताना भाव काय येईल हे कोणी पाहिले नाही. परंतु जतन आणि विक्री यांचा गोंधळ करू नये. घराच्या ऋणासाठी चार पैसे खर्चायचे असतील तर खुशाल खर्चावे, मात्र ते ऋण म्हणून खर्चावे. घेणाऱ्याकडून ते वसूल होतील अशी आशा ठेवू नये, म्हणजे सौदा करताना मनात कडवटपणा राहत नाही.

आणि घरात अजून कोणी राहत असेल तर? म्हातारी आई किंवा विधवा काकू त्या घरात एकटी राहते आहे आणि मुंबईत बसून मुले म्हणताहेत, ‘विकायचेच आहे, आता कशाला छपरावर खर्च?’ असे प्रसंग कल्पनेतले नाहीत. तिच्या अंथरुणावर गळणारे पाणी हा विक्रीचा प्रश्नच नव्हे. राहत्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर, न्हाणीकडे जाणारी निसरडी पायरी, विहिरीचा ढासळलेला कठडा, जुन्या विजेच्या तारा यांची दुरुस्ती त्याच आठवड्यात करावी; तिच्यासाठी गिऱ्हाइकाचा अंदाज घेण्याचे, हिशेबाचा तक्ता मांडण्याचे कारण नाही.

सारांश, नुकसान थांबवणारी दुरुस्ती ताबडतोब करावी. दोष झाकणारी कधीही करू नये. शोभेची करण्यापूर्वी घेणारा कोण हे पाहावे आणि बहुधा ती त्याच्यावरच सोपवावी. मोठ्या कामाचे निदान अंदाजपत्रक तरी हाती ठेवावे. आणि या सर्वांच्या आधी कागद दुरुस्त करावेत. व्याख्यानमालेचे हे दिवस वसंतातले आहेत. मिरगाला अजून थोडे आठवडे आहेत. ज्यांचे घर कुलूपबंद आहे त्यांनी तेवढ्यात एकदा जाऊन दार उघडावे आणि भर दुपारी माजघरात उभे राहून वर पाहावे. कौलांतून उजेडाचे जितके ठिपके दिसतील तितक्या जागी पाऊस आत येणार आहे. ते ठिपके मोजून मिस्त्रीला निरोप धाडला, म्हणजे या लेखाचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.